ऐंशीव्या पानानंतर

ती कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून आलेल्या ठशांत प्लास्टर ओतायचं, मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, वरचा खालच्याशी जुळतो का ते डोळे बारीक करून बघायचं. वीस वर्षं हेच काम. त्यामुळे वाचनगटात तिला सगळे दातवाली म्हणत, आणि तिलाही त्यात काही वाटत नसे.

गट चौघांचा. निवृत्त झालेले गणिताचे सर, एक केमिस्ट, कपडे शिवणारी टेलरताई आणि ती. वर्षाच्या शेवटच्या रविवारी सकाळी टेलरताईच्या बंद दुकानात जमायचं आणि वर्षभरात वाचलेल्या अद्भुत आणि विज्ञानकथांमधली पाच पुस्तकं एकमेकांना सांगायची. नियम एकच, सरांनी घालून दिलेला: शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेलंच सांगायचं.

दातवालीला दरवर्षी पाच निवडताना नाकी नऊ येत, इतकं तिचं वाचन. या वर्षी तिच्याकडे सांगायला एकही पुस्तक नव्हतं.

झालं होतं असं. तिचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनात काम करायचा. वर्षाच्या सुरुवातीला त्याच्या जहाजाशी संपर्क तुटला. एकोणीस दिवस. कंपनीतला माणूस रोज म्हणायचा, ‘कळवतो.’ विसाव्या दिवशी नवऱ्याचाच फोन आला. यंत्रणा बंद पडली होती, सगळे सुखरूप होते. घरी आल्यावर त्याने तो किस्सा हसत हसत सांगितला. तीही हसली. आपले ते एकोणीस दिवस कसे गेले, हे तिने कुणालाच सांगितलं नाही. माणूस परत आला होता. आता सांगण्यासारखं काय उरलं होतं?

पण तेव्हापासून तिला एका जागी बसवेना. कवळ्यांच्या प्रयोगशाळेत हात कामात गुंतलेले असत तोवर ठीक. घरी पुस्तक उघडलं की दोन पानांत ती उठायची. गॅस बंद आहे ना? दाराला कडी आहे ना? फोनला रेंज आहे ना? परत येऊन बसेपर्यंत कोण कुठल्या ग्रहावर होतं तेच विसरलेली असायची. अशी तीसेक पुस्तकं तिने अर्धवट सोडली. गेला आठवडाभर ती मलपृष्ठांवरचे मजकूर वाचून सांगण्याची तयारी करत होती.

दुकानात चारही खुर्च्या कापायच्या टेबलाभोवती मांडल्या होत्या. पहिली चार पुस्तकं तिने सफाईने रेटली. सर वहीत टिपून घेत होते. पाचव्या पुस्तकात एक यान लांबच्या मोहिमेवर निघतं आणि त्याचा संपर्क तुटतो. ते तिने खरोखर ऐंशी पानं वाचलं होतं. संपर्क तुटला तिथे मिटलं होतं.

“आणि शेवट?” टेलरताईने विचारलं.

“येतं ना परत. सगळे सुखरूप असतात. तो शेवट वाचताना मला रडू आलं.”

केमिस्टने चष्मा काढून पुसला. “मी गेल्याच महिन्यात वाचलंय ते. त्यात यान परत येत नाही.”

दातवाली उठून शटरपाशी गेली, पुन्हा येऊन खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

“मी पुरं वाचलेलं नाही,” ती म्हणाली. “हेही नाही आणि आधीची चारही नाहीत.”

सरांनी पेन खाली ठेवलं. “तू सांगतेस म्हणून मी पुस्तकं घेतो, बाई. डोळे झाकून घेतो.”

“माहीत आहे, सर.”

“मग असं का केलंस?”

तेव्हा तिने जहाजाचं आणि त्या एकोणीस दिवसांचं सांगितलं. उभ्यानेच, टेबलावरच्या टाचण्या गोळा करता करता. फोन उशाशी नाही, हातात धरून झोपायची ते. कामावर एका म्हाताऱ्याच्या कवळीत खालचे दात उलटे बसवले ते. कपाटातले त्याचे शर्ट कुणाला देऊन टाकावेत, हे सतराव्या दिवशी मनात ठरवून टाकलं होतं, तेही.

“म्हणजे मीच त्याला मारून मोकळी झाले होते,” ती म्हणाली. “आणि तो आला तर मला म्हणतो, तू बारीक झालीस.”

टेलरताईने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. केमिस्ट म्हणाला, “तू जिथे सोडलंस ना, त्याच्या पुढचं प्रकरण यानाच्या आतलं आहे. ते लोक जिवंत असतात. खालच्यांना ते कळत नाही, एवढंच. आपल्याला मात्र कळतं.”

“काय करतात ते?”

“ऐकायचंय?” पुस्तक त्याच्या पिशवीतच होतं.

त्याने एक्याऐंशीव्या पानापासून मोठ्याने वाचायला घेतलं. त्याचा आवाज काही खास नव्हता, औषधाच्या चिठ्ठ्या वाचल्यासारखा सपाट. दातवाली पाच मिनिटं बसली आणि उठली. दुकानातल्या आरशापर्यंत गेली, परत आली. फोन पाहिला. केमिस्ट थांबला.

“थांबू नका,” ती म्हणाली. “मी ऐकतेय.”

ती येरझाऱ्या घालत राहिली. सरांनी आपली खुर्ची भिंतीला लावली, म्हणजे तिला वळायला जागा होईल. केमिस्टचा घसा बसला तेव्हा टेलरताईने पुस्तक हातात घेतलं, तिच्यानंतर सरांनी. जेवायची वेळ टळून गेली, दुपारही कलली. उरलेल्या तिघांपैकी कुणाचीच यादी त्या दिवशी सांगून झाली नाही.

यान परत आलं नाही. शेवटची ओळ ऐकताना ती शिलाई मशीनला टेकून उभी होती. या खेपेला तिला रडू आलं नाही. कडकडून भूक लागली होती.

घरी नवरा इस्त्री करत होता. “आज उशीर? काय काय होतं तुझ्या यादीत?”

“यादी नव्हतीच,” ती म्हणाली. “ती इस्त्री बंद कर आणि जरा बस. तू नव्हतास तेव्हाचं तुला सांगायचंय.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, इस्त्रीचं बटण बंद केलं आणि पलंगावरचे कपडे बाजूला सारले.