कन्याशाळेतलं फेरमतदान

भाची विधिमंडळाच्या ग्रंथालयात कामाला होती. बंद झालेल्या मतदारसंघांचा इतिहास लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलं आणि त्यात आत्याच्या शहराचा मतदारसंघही निघाला. पुनर्रचनेत त्याचे तीन तुकडे करून शेजारच्यांना वाटून टाकले होते. कोण कधी निवडून आलं, मतदारसंघ कधी मोडला, एवढं लिहिलं की दोन पानांत काम उरकलं असतं. पण शेवटच्या निवडणुकीच्या नोंदीत एक ओळ होती, आणि त्या ओळीबद्दल ती लहानपणापासून ऐकत आली होती. कन्याशाळेच्या केंद्रावर फेरमतदान. मतं झाली दोन. एक मालकांना, म्हणजे शहर मुठीत ठेवणाऱ्या तिथल्या पुढाऱ्यांना, आणि एक त्यांच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या डॉक्टरांना.

डॉक्टरांना पडलेलं मत आत्याचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वडील ही गोष्ट हळू आवाजात सांगायचे, पण सांगताना त्यांची छाती फुगायची. आत्या त्या शाळेत शिक्षिका होती आणि मतदानाच्या दिवशी केंद्राची प्रमुख. मालकांची माणसं वर्गात घुसली, मतपत्रिकांचे गठ्ठे ओढून भराभर शिक्के मारले. शाळेचा शिपाई पेटीवर आडवा पडला, त्याला इतकं मारलं की तो पुन्हा उठलाच नाही. आत्याने घडलं तसं वर कळवलं. फेरमतदानाचा हुकूम निघाला. प्रमुख म्हणून बाहेरून कोणी यायला तयार नव्हतं, म्हणून पुन्हा आत्यालाच खुर्चीवर बसवलं. मालकांनी फर्मान सोडलं की शाळेची पायरी कोणी चढायची नाही. बाकीची केंद्रं खिशात होती, त्यांना इथल्या मतांची गरजच नव्हती. दिवसभरात एकच मतदार आली, मालकांची स्वतःची आई. तिला कोण अडवणार? संध्याकाळी दार बंद व्हायच्या आधी आत्याने आपलं मत टाकलं. मोजणीत एक इकडे, एक तिकडे निघालं, तेव्हा कोणाचं मत कुठे गेलं हे सांगायला ज्योतिषी लागला नाही.

पुढे आत्याच्या खिडक्या फुटल्या, तिला घर सोडावं लागलं, ठरत आलेलं लग्न मोडलं. पण तिने तोंडातून ब्र काढला नाही. भाचीला हेच लिहायचं होतं. नाव घालून, ठणकावून.

ती आत्याकडे आली तेव्हा आत्याने तिला मायेने जवळ घेतलं, पण विषय निघताच चेहरा मिटला. मेलेल्याला उकरू नये, एवढंच म्हणाली. मग भाची एकटीच चौकशीला बाहेर पडली. कोपऱ्यावरचा न्हावी भलता बोलका निघाला. जुन्या सभा, पोस्टरवरची भांडणं, पडलेल्या उमेदवारांच्या गमती, सगळं त्याने हसत सांगितलं. तिने कन्याशाळेचं नाव काढलं आणि त्याची कात्री थांबली. खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून तिच्याकडे बघत होतं.

"ताई," न्हावी म्हणाला, "तो मतदारसंघ मेला म्हणून आम्ही जिवंत आहोत. घरी जा."

वहीवाल्या दुकानदाराने तर तिला बघून शटरच अर्धं ओढलं. परत येताना एक राखाडी गाडी तिच्या मागे पायी चालल्यासारखी हळू येत होती. ती थांबली की गाडी थांबायची. घराच्या गल्लीत वळली तेव्हा भाची जवळजवळ पळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी समोरच उभी होती. आत्याने पडदा बोटभर सरकवून पाहिलं आणि भिंतीला टेकली.

"मालक आहेत अजून?" भाचीने विचारलं.

आहेत, आत्या म्हणाली. तीन तुकडे झाल्यावर एका तुकड्यातून उभे राहिले आणि आपटले, पण पुतणे आहेत, पुतण्यांची माणसं आहेत. तिने भाचीला कागद आवरायला लावले. दुपारच्या गाडीने निघ, म्हणाली. भाचीलाही तेच हवं होतं, पण रिक्षासाठी त्या गाडीसमोरून जायची तिची हिंमत होईना. बॅग भरून दोघी दाराकडे तोंड करून बसून राहिल्या.

दुपारी दार वाजलं.

आधी पुतण्या आत आला. रुंद खांद्यांचा, चाळिशीचा. त्याने कोणाला न विचारता दाराला आतून कडी घातली आणि तिथेच उभा राहिला. त्याचा हात धरून त्याच्यामागून मालकही आत आले होते. भाचीने त्यांना फक्त जुन्या फोटोंत पाहिलं होतं. आता गुडघे गेलेले, मान हलणारी, पण नजर तीच. ते आत्याच्या समोरच्या खुर्चीत बसले. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

पुतण्याने भाचीची बॅग उघडून कागद काढले, चाळले. शाळेचं नाव कुठे आहे, त्याने विचारलं. भाचीने बोट ठेवलं. त्याने ते पान वेगळं काढून मालकांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी त्याकडे बघितलंही नाही. पुतण्याला त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं. तो कुरकुरला, पण गेला.

मालक बोलले ते आत्याशी, खाली बघत. आई शेवटपर्यंत त्यांच्याच घरात होती. वाढायची, विचारपूस करायची, पण त्या निवडणुकीनंतर तिने त्यांच्या तोंडाकडे कधी बघितलं नाही. ती गेली तेव्हाही भिंतीकडे तोंड करून होती. आता दवाखान्याने आपलीही आशा सोडली आहे, ते म्हणाले.

"बाई, एकच विचारायला आलोय. विरुद्ध पडलेलं ते मत कोणाचं होतं?"

भाचीला वाटलं, आत्या आता कोसळणार. दाराबाहेर पुतण्याचे बूट वाजत होते.

"माझं," आत्या म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. तुमच्या आईने तुम्हाला दिलं. मी नाही दिलं. काय करायचं ते करा."

मालकांनी डोळे मिटले. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले, जणू कोणी पाठीवरचं ओझं उतरवून घेतलं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून भाचीला म्हणाले, "तसंच लिहा."

गाडी गल्लीबाहेर गेल्याचा आवाज आल्यावर आत्याने कडी घातली, वरचा अडसरही लावला आणि दाराशीच फरशीवर बसली. भाची तिच्या गळ्यात पडून रडली. तिच्यासारखी धीराची बाई आपण पाहिली नाही, असं काहीबाही बोलत राहिली.

"मी त्यालाच मत दिलं होतं," आत्या म्हणाली.

भाचीला वाटलं, भीतीने हिचं डोकं फिरलं. पण आत्या शांतपणे सांगत गेली. त्या दिवशी म्हातारी शिक्का मारून, घडी पेटीत टाकून पडद्यामागून बाहेर आली, पण घरी गेली नाही. टेबलाशी आली आणि आत्याच्या कानाशी वाकून म्हणाली, की शिपायाचं रक्त लागलेला मुलाचा सदरा मी माझ्या हातांनी धुतलाय, याला मत द्यायला माझा हात उठला नाही. मग तिने रिकाम्या वर्गाकडे बघितलं, रिकाम्या ओसरीकडे बघितलं, आणि तिला कळलं. पेटीत तिचं एकटीचं मत होतं. मोजलं की उघडं पडणार. तिने आत्याचं मनगट धरलं. मला घरात जगू देणार नाही तो, एवढंच बोलली. आणि तिच्या लेकीही त्याच्याच आधारावर जगत होत्या.

"मला काही शौर्य करायचं नव्हतं गं. मी तिच्याइतकीच घाबरले होते. पण मला त्याच्या घरात झोपायचं नव्हतं, तिला होतं. दुसरं काय सुचणार? दार बंद व्हायच्या आधी गेले आणि मारला त्याच्या नावावर शिक्का. ज्याने शिपायाला मारलं, त्याच्या नावावर. शाई पुसताना वाटलं, हात तोडून टाकावा."

आता तर म्हातारी गेली, भाची म्हणाली, आता सांगायला काय हरकत होती?

"लेकी आहेत. एक तर अजून त्यांच्याच वाड्यामागच्या खोलीत राहते. पुतण्याला बघितलंस ना?"

संध्याकाळी भाचीने लिहायला घेतलं. खोटं लिहवेना आणि खरं लिहायची सोय नव्हती. शेवटी तिने लिहिलं, फेरमतदानात दोन मतं झाली, आणि पूर्णविराम दिला. शिपायाचं नाव मात्र तिने घातलं. ते कोणत्याच नोंदीत नव्हतं, आत्याला विचारून घेतलं.

मालक थोड्याच महिन्यांत गेले. आत्याने फोनवर सांगितलं, तेव्हा भाचीने विचारलं की आता तरी जरा मोकळं वाटतं का. आत्या म्हणाली, समोर परत एक गाडी उभी असते, बहुतेक नव्या भाडेकरूची असावी, आणि हळू बोल.