विरजण

अक्षताला कुणाचा डबा रिकामा परत देता येत नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

आम्ही दोघी ऑकलंडच्या एका लॅबमध्ये सिंथेटिक बायोलॉजीचं ट्रेनिंग घेत होतो. पुण्यात इतकी वर्षं कॉम्प्युटरचं कोडिंग केलं, आता जिवाणूंचं शिकत होते. बायको दह्यात पीएचडी करतेय, असं नवरा चारचौघांत सांगायचा. सांगू दे. आमच्या आठ वर्षांच्या इराच्या आतड्याला सतत सूज असायची. पोट धरून ती कळवळायला लागली की माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. म्हणून तर मी या वाटेला गेले होते.

आमची ट्रेनर नायरी सुरुवातीलाच म्हणाली, घरातलं काहीतरी आंबवलेलं आणा. मी स्टीलच्या डब्यातून विरजण नेलं. त्यातला एक जिवाणू वेगळा काढून आम्ही त्याला सूज उतरवणारं औषध बनवायला शिकवलं. ओळखू यावा म्हणून जांभळ्या उजेडात केशरी चमकायलाही शिकवलं. शिवाय त्याला एक कुलूप घातलं: लॅबमधला ठरावीक खाऊ मिळाला नाही, की त्याने मरायचं. माणसाला द्यायची वेळ यायला अजून कैक वर्षं होती.

मी सर्दीने घरी असताना अक्षता आमच्या भागात, सँडरिंगहॅमला, मिठाई घ्यायला आली आणि जाता जाता माझा लॅबमध्ये राहिलेला डबा देऊन गेली. उघडला तर आत थोडं विरजण. मला वाटलं, तिच्या घरचं. मी त्याने दूध विरजलं आणि मग रोज त्यातलंच चमचाभर पुढच्या दुधाला लावत गेले.

दही फर्मास लागायचं. इरा वाटी चाटूनपुसून पुढे करायची. "मोर प्लीज, आई. हीप्स." इथल्या पोरांसारखी ती पुष्कळला हीप्स म्हणायची.

हळूहळू तिचं दुखणं थांबलं. टॉग्ज घालून ती पोहायला जायला लागली. मी देवापुढे साखर ठेवली.

एका दुपारी पडदे ओढून ती पार्टीत मिळालेल्या पेनाशी खेळत होती. अदृश्य शाई वाचायला त्याला छोटासा जांभळा दिवा होता. उजेड दह्याच्या वाटीवर पडला आणि दही केशरी झालं. तिने हसत जीभ बाहेर काढली, तीही केशरी. मी तिला खसाखसा दात घासायला लावले, चुळा भरायला लावल्या. जीभ तशीच.

मी अक्षताला फोन लावला.

"अगं, रिकामा कसा देणार डबा?" ती म्हणाली. "लॅबच्या फ्रिजमध्ये तुझ्या नावाचं विरजण होतं ना, तेच घातलं."

ते विरजण आम्ही शिकवलेल्या जिवाणूचं होतं. लॅबबाहेर मरायला हवं होतं ते इतके दिवस जगलं होतं. कुलूप त्याचं त्यानेच उघडलं होतं. पण मुलगी हसत होती, पळत होती, आणि सांगितलं की हे बंद होणार. मला गप्प बसायचं होतं, अगदी मनापासून.

इरा फ्रिजपाशी उभी होती. "आई, दे आर हंग्री."

"कोण गं?"

तिने पोटावरून हात फिरवला, मांजराला कुरवाळावं तसा. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी नायरीला फोन करून सगळं सांगितलं.

नायरी रागावली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. हॉस्पिटलने कडक अँटिबायोटिक दिलं. घरातलं सगळं दही लॅबवाल्यांनी उचलून नेलं. इरा निमूटपणे गोळ्या गिळायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "दे डोन्ट लाइक इट."

गोळ्या संपत आल्या तेव्हा एका सकाळी तिने नाश्ता करता करता चमचा खाली ठेवला, दोन्ही हातांनी पोट धरलं आणि कळवळून रडायला लागली. मी तिला उराशी घट्ट धरलं. माझ्या पोरीचं दुखणं परत आलं होतं, म्हणजे ते मेले होते, आणि माझा जीव भांड्यात पडला.