माल्त्यांच्या दगडावरची नावं

लोरेटला एवढंच हवं होतं, की आपल्या तीन मेलेल्या मुलांची नावं माल्ते घराण्याच्या थडग्यावर कोरली जावीत. फार काही मागत नव्हती बिचारी. पण दगड नवऱ्याच्या मालकीचा, आणि एल्झेआर माल्ते चाळीस वर्षं नन्नाचा पाढा लावून बसला होता. तिसरं मूल गेलं तेव्हा त्याच्या आईने स्वयंपाकघरात सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "आमच्या घरात असली पोरं निपजत नाहीत. हे देगान्यांचं रक्त."

देगान्ये म्हणजे लोरेटचं माहेर. गेतान, मार्त आणि ऑनोरे, एकानेही दोन वर्षं पुरी केली नाहीत. धाप लागायची आणि दोन दिवसांत सगळं आटपायचं. तिघांना कुंपणाजवळ, लहान मुलांच्या सामाईक जागेत पुरलं.

आता कारखान्याच्या धुळीने एल्झेआरची फुप्फुसं खाल्ली होती. डॉक्टर ईस्टरच्या पुढचं काही बोलत नव्हते. तो गेला की दगड दिराकडे जाणार, आणि दीर तर आईचं शेपूट. म्हणून बासष्टाव्या वर्षी लोरेट दर मंगळवारी बसने शिकुतिमी शहरात जायला लागली. तिथल्या वंशावळ मंडळात बसून देगान्यांचं रक्त स्वच्छ आहे हे तिला कागदावर दाखवायचं होतं.

आमच्याकडे हे काम तसं अवघड नाही. पाद्र्यांनी तीनशे वर्षांतलं एकूण एक लग्न आणि दफन लिहून ठेवलंय. लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडचे आईबाप सापडतात, मग त्यांचं लग्न शोधायचं, मग त्यांच्या आईबापांचं. लोरेटने आपल्या बापाच्या लग्नापासून सुरुवात केली आणि फक्त पुरुषांची नावं उतरवत बापामागून बाप अशी हिवाळाभर चढत राहिली; बायकांच्या नावांकडे तिने पाहिलंच नाही. मार्चमध्ये ती पार पहिल्या पुरुषाला भिडली. फ्रान्सच्या राजाने इकडे पाठवलेला शिपाई होता तो. खरं आडनाव तिकडेच टाकून आला आणि पलटणीतलं टोपणनावच पुढे पोरांना देऊन गेला. एवढ्या पिढ्यांत लहानपणी गेलेली पोरं होती, पण ओळीने सगळीच गेली असं कुणाच्या घरात नव्हतं.

मंडळातली ओदिल नावाची मुलगी फाइल लावत होती. "मादाम, पहिलं पान कुठाय? तुमचं स्वतःचं लग्न?"

"त्याला मी हजर होते की. ते काय वाचायचं?"

"तरी लागतंच."

ओदिलने चर्चच्या नोंदींची फिल्म यंत्रावर फिरवली, १९५१ वर आणली आणि मोठ्याने वाचत गेली. मध्येच थांबली. "इथे सूट दिलीय बिशपनी. जवळच्या रक्तात चर्च एरवी लग्न लावत नाही. तुमच्या दोघांचे पणजोबा एकच. हे बघा, तुमच्याच फाइलीत आहे, तुमच्या बाबांची आई माल्ते होती."

लोरेट जिला आजी म्हणायची ती आजोबांची दुसरी बायको. पहिली, बाबांची खरी आई, बाळंतपणात गेली, तिचं नाव घरात कुणी काढत नसे. नोंदीखाली सह्या होत्या. तिच्या बापाची, एल्झेआरची आणि तोंडावर नवरीची जाळी असताना न वाचता केलेली तिची.

ती तशीच इस्पितळात गेली आणि नोंदीची नक्कल एल्झेआरच्या पांघरुणावर ठेवली. त्याने ती वाचली.

"हे अजून कुणी पाहिलं?" त्याने विचारलं.

"चाळीस वर्षं माझ्या माहेरावर थुंकलात रे तुम्ही. आणि तुला ठाऊक होतं."

"आईपुढे काय बोलणार होतो? दोन बहिणी उजवायच्या होत्या."

"आणि माझा बाप? तोही गप्प?"

"त्यानेच सांगितलं, पोरीला कळू देऊ नकोस." तो नळीतून श्वास घेत राहिला. मग छताकडे बघत म्हणाला, "गेतान गेला तेव्हा डॉक्टर बोलला होता. रक्त फार जवळचं आहे, पुढची पण जातील म्हणून."

लोरेट खुर्चीवर बसली. मार्त त्यानंतरची. ऑनोरेही. मार्तचे तर दात यायला लागले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"पाद्री दर वर्षी घरी येऊन पाळणा का हलत नाही विचारायचा. मी काय सांगणार होतो?"

तिला त्याचा गळा धरावासा वाटला. धरला नाही. पर्समधून दफनभूमीचा अर्ज काढला आणि त्याच्या हातात पेन दिलं. त्यावर पाच नावं होती, मुलांची तीन आणि या दोघांची. त्याने सही केली. मिनिटही लागलं नाही.

लोरेटने पेन घेतलं आणि शेवटचं, स्वतःचं नाव खोडलं.

"हे काय? तू कुठे जाणार?" एल्झेआर घाबरला.

"नावं ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "मी कुंपणाजवळ, पोरांपाशी जाते."