ओव्हनमध्ये इंजिनाचं हेड

सून स्वतःचं वर्कशॉप चालवायची, गावभरच्या गाड्या तिच्या हाताखालून जायच्या. पण सासऱ्यांच्या मोटरसायकलला बोट लावायची सोय नव्हती. गाडी सुरू झाली की निळ्या धुराचा लोट उठायचा. शेजाऱ्यांनी सासऱ्यांचं नावच ‘धुरांडं’ पाडलं होतं. पिस्टनच्या रिंगा दोनदा बदलून झाल्या, धूर मात्र हटेना.

शेवटी सासरेच म्हणाले, “बघ बाई, तुला काही सुचतंय का.”

तिला आतून उकळ्या फुटल्या, पण तोंडावर काही दाखवलं नाही. हेड उतरवून तिनं त्यांच्या पुढ्यात धरलं. “बाबा, हा व्हॉल्व्ह हलवून बघा.”

ज्या नळीत तो सरळ वरखाली व्हायचा, त्या गाइडमध्येच तो पडायला आलेल्या दातासारखा डुगडुगत होता.

“म्हणजे तेल इथून उतरून जळतंय होय!” सासरे म्हणाले. “आणि मी उगाच रिंगांच्या नावानं खडे फोडत बसलो.”

वर्कशॉपची भट्टी बिघडलेली. सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या, म्हणून दोघांनी हेड घासूनपुसून घरच्या ओव्हनमध्ये ठेवलं आणि नवे गाइड फ्रीजरमध्ये. नेमक्या सासूबाई लवकर परतल्या. बर्फ काढायला गेल्या, तर वाटाण्यांशेजारी पितळी नळ्या!

“अहो, हे काय?”

“अगं, हेड तापलं की भोक फुगतं, नळी गारठली की आकसते. मग ती अलगद बसते,” सासऱ्यांनी जणू स्वतःचाच शोध सांगितला.

“आणि माझं डोकं तापलं की काय होतं, ते ठाऊक आहे ना?”

बोलता बोलता त्यांनीच जाड फडकी घेऊन ओव्हनचं दार उघडलं. सुनेनं जुने गाइड ठोकून काढले, नवे दोनचार टोल्यांत बसवले. हेड निवल्यावर तिनं गाइडची भोकं मापात घासून घेतली. व्हॉल्व्ह जागेवर घट्ट बसावेत म्हणून त्यांना खरबरीत पेस्ट लावून घोटायचं काम सासऱ्यांनी हट्टानं मागून घेतलं. घोटताना ते चक्क गुणगुणत होते.

संध्याकाळी किक मारली. इंजिन एका लयीत बोलू लागलं. धुराचा मागमूस नाही.

“बहिणीकडे माझा चष्मा राहिलाय,” सासूबाई पदर खोचत म्हणाल्या. “चला, सोडा मला.”

कित्येक वर्षांनी त्या मागे बसल्या. निघताना सासरे सुनेला म्हणाले, “पुढच्या सर्व्हिसिंगचं तूच बघ हं.”

ती बाह्या वर सारून ओव्हन घासायला लागली. तेलाचा वास जाता जात नव्हता, तरी तिला हसू आवरेना.