तासाला किती

भिंगरीने सुईत दोरा ओवला, मग मुद्दाम काढला आणि पुन्हा ओवला. शेजारच्या मशीनवरून तिच्या धाकट्या जावेने ते पाहिलं आणि ओठ दाबून हसू आवरलं.

“अस्संच, ताई,” ती कुजबुजली. “चाळिसाच्या वर जायचं नाही. आकडा वर चाललाय असं वाटलं की मी खोकेन.”

“किती वेळा सांगशील? लहान आहे का मी?”

दहा वाजता मोजणीचे साहेब येणार होते. शर्टांना कॉलर लावायचं काम तासाला किती होतं ते घड्याळ लावून बघायचं आणि त्यावरून सगळ्यांचा आकडा बांधून द्यायचा, असा वरून हुकूम होता. बघायचं कोणाचं, तर सगळ्यात चपळ हात असेल त्या बाईचं. आता त्याबद्दल कारखान्यात दुमत असायचं कारणच नव्हतं. तीस वर्षांपूर्वी कोणीतरी तिला भिंगरी म्हटलं आणि ते नाव असं काही चिकटलं, की कुठल्या कागदावर बायकोचं खरं नाव लिहायची वेळ आली तर नवराही क्षणभर पेन थांबवून विचार करायचा.

अशी मोजणी बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा झाली होती. तेव्हा भिंगरीने तासाला पंचावन्न कॉलरी लावल्या होत्या. साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. पुढच्याच आठवड्यात सगळ्यांचा आकडा तिसावरून चाळिसावर गेला, आणि दोन महिन्यांत तिच्या मागच्या रांगेतल्या दोघी घरी बसल्या. त्यातली एक रस्त्यात दिसली की अजूनही मान वळवून निघून जाते. ते भिंगरीला लागतं. पण खोटं कशाला बोला, पंचावन्न हा आकडा आठवला की तिला आतून बरंही वाटतं.

या वेळी प्रश्न जावेचा होता. सहा महिन्यांपासून तिचं उजवं मनगट सुजलेलं. चाळीस म्हणजे तिच्या नाकी नऊ येत. दीर वर्षभर घरी बसून, दोन पोरं शाळेत, सगळी मदार त्या एका मनगटावर. काम चौघींच्या ओळीचं मिळून मोजलं जाई म्हणून ती आजवर निभावून गेली. तिच्या गठ्ठ्यातले चार-सहा शर्ट भिंगरी रोज गुपचूप आपल्याकडे ओढायची, निदान ओढतेय असं तिला वाटे. शेजारच्या दोघीही सारख्या काही ना काही इकडचं तिकडे करत असत. कोणी किती केलं याचा हिशेब कोण ठेवतो? पण आकडा पन्नासावर गेला तर ओळसुद्धा तिला वाचवू शकणार नव्हती. म्हणून काल जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणींनी भिंगरीला घेरलं.

“एक तास, बाई. फक्त एक तास हात आखडता घे.”

“तुझ्या गळ्याची शपथ,” भिंगरी जावेला म्हणाली होती, आणि मनापासून म्हणाली होती.

मोजणीचे साहेब म्हणजे तिच्या मुलाच्या वयाचा पोरगेला माणूस निघाला. नम्र, बारीक आवाजाचा, हातात लाकडी पाटीला लावलेले कागद. आधी दोन कॉलरी सरावाला लावा, म्हणाला. भिंगरीने लावल्या. कॉलर दोनदा सारखी केली, शर्टावर नसलेला धागा झटकला, मध्येच थांबून चष्मा पुसला. मागे कोणीतरी खुसखुसलं.

त्याने सुपरवायझर बाईंकडे पाहिलं.

“याच का त्या?”

“याच.”

“बरं, बरं.” मग तो भिंगरीकडे वाकला. “सावकाश होऊ दे, मावशी. वय झालं की एवढं व्हायचंच. वाईट वाटून घेऊ नका. हवं तर आपण दुसऱ्या कोणाला घेऊ. तुम्हाला दोरे कापायच्या टेबलावर बसून जमेल, मी तसा शेरा देतो.”

त्याने शिवी दिली असती तरी चाललं असतं. पण तो ते मायेने बोलला, दवाखान्यात बोलतात तसं, आणि भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

“दुसरं कोणी कशाला?” ती म्हणाली. “लावा तुमचं घड्याळ.”

पहिली कॉलर तिने ठरल्याप्रमाणेच हातात घेतली. दुसरीही. तिसरीला तिचा पाय पायपट्टीवर खाली गेला तो गेलाच. नको, नको, असं ती मनात म्हणत होती आणि हात ऐकत नव्हते. शर्ट ओढायचा, कॉलरची खूण मानेच्या मध्याशी धरायची, टीप, वळण, टीप, दोरा तोडायचा, पुढचा. बोटं आपोआप चालत होती. तीस वर्षं हेच करत आलेले हात ना ते. मध्ये दोनदा खूण सरकली, तेव्हा तिने दात-ओठ खाऊन तिथल्या तिथे ती जुळवली. एकदा चष्म्यावर घामाचा थेंब पडला, तो पुसायलाही ती थांबली नाही. बघ म्हणावं, दोरे कापायचं टेबल! बघ.

जावेचा खोकला येईल म्हणून ती एका कानाने वाट बघत होती. खोकला काही आला नाही. तिला कळलं ते असं, की पोरीने आशा सोडली असणार. आता कशाला खोकेल ती? एवढी शपथ घेऊन मोठ्या जावेने भर दिवसा गळा कापला, मग माणूस गप्पच होतं. तरी भिंगरीचा पाय वर उचलला गेला नाही. संध्याकाळी दिराला तोंड कसं दाखवायचं हा विचार येऊन गेला, त्या पोरांचे चेहरे येऊन गेले, आणि त्यांच्यामागून, लाज वाटावी इतक्या आनंदाने, पुढचा शर्ट आला.

“थांबा.”

तिने हात उचलले. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं थरथरत होतं. पोलक्याची पाठ भिजून अंगाला चिकटली होती. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

सुपरवायझर बाईंनी शर्ट मोजले. साहेबाने कागदावर लिहिलं.

“एकोणचाळीस.”

भिंगरीने मान वर केली.

“किती?”

“एकोणचाळीस, मावशी. सफाई मात्र उत्तम आहे हं.”

“पुन्हा मोजा.”

मागची रांग हसू दाबता दाबता बेजार झाली. साहेबाने बिचाऱ्याने स्वतः एकेक शर्ट उलटून पुन्हा मोजलं. एकोणचाळीसच होते. आकडा आहे तोच राहू द्यावा असं लिहितो, म्हणाला, आणि सुपरवायझर बाईंबरोबर बाहेर गेला.

दार लागलं तशी सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या.

“‘पुन्हा मोजा’ म्हणे! काय गं नाटकी बाई!”

“आणि तो घाम बघितलास? मला तर खरंच वाटलं, जीव तोडून करतेय!”

“एक कमी चाळीस! इतका नेम धरून कसं जमतं गं तुला?”

भिंगरी हसली. हसायलाच हवं होतं. हळूहळू सगळ्या आपापल्या मशीनकडे गेल्या. जाऊ तेवढी तिच्याजवळ खाली बसून राहिली. तिचे डोळे भरले होते. सुजलेल्या मनगटाचा हात तिने भिंगरीच्या गुडघ्यावर ठेवला.

“मी सारखी मोजत होते, ताई. आता खोकावं लागणार, आता लागणार, असं वाटत होतं. पण वेळच नाही आली.” तिने डोळे पुसले. “तुमचा हात मला माहीत नाही का? असा आवरून धरायला किती जड गेलं असेल तुम्हाला. माझ्यासाठी केलंत.”

भिंगरीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ते अजून थांबले नव्हते. तिने ते मांडीखाली दाबून धरले.

“हो गं,” ती म्हणाली. “फार जड गेलं.”