डावखुरा कारागीर

वजनमाप खात्यात दुकानदारांचे तराजू तपासता तपासता निरीक्षक निवृत्त झाले, तरी लोक त्यांना निरीक्षकच म्हणत. त्यांनाही ते आवडायचं. घरात तपासायला तराजू नव्हते, पण एकोणसत्तर मेलोडिका होत्या.

मेलोडिका म्हणजे हातभर लांबीची, तोंडाने फुंकून वाजवायची पेटी. एका टोकाला नळी, वर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, आत पितळेच्या बारीक पत्त्या. एके काळी शाळेतल्या मुलांच्या हातात दिसायची. मुलं मोठी झाली, पेट्या माळ्यावर गेल्या, माळ्यावरून जुन्या बाजारात आल्या आणि तिथून दर रविवारी एखादी निरीक्षकांच्या पिशवीत.

निरीक्षकांना मेलोडिका वाजवता येत नसे. त्याची त्यांना खंत नव्हती. उलट वाजवणाऱ्यांविषयी त्यांचं मत फार वाईट होतं. फुंकलं की थुंकी आत जाते आणि पत्ती हिरवी पडते. ते स्वतः नळीला रबरी फुगा जोडून एकेक पट्टी दाबून बघत आणि वहीत टिपत. स्क्रूच्या डोक्यावरून, डब्याच्या कडीवरून, आतल्या डिंकाच्या वासावरून ते पेटीचं साल सांगत. फुटलेली पट्टी बदलणं, कुजलेलं कातडं काढून नवं लावणं, हेही करत. फक्त पत्तीला हात लावत नसत आणि कुणाला लावूही देत नसत. पत्तीचं टोक खरवडलं की सूर चढतो, बूड खरवडलं की उतरतो. हे काम कारखान्यात व्हायचं, आणि तिथे झालं तेच खरं. बाहेरचा हात लागला की पेटी बाटली. मेलोडिका जमवणाऱ्यांच्या मंडळाचा हा नियम त्यांनीच लिहिला होता.

त्यांचं नाव झालं ते मात्र पत्त्यांवरूनच. नऊ वर्षांपूर्वी एका पेटीच्या पत्त्यांवर त्यांना ओरखडे दिसले, नेहमीच्या उलट बाजूला कललेले. असे ओरखडे डाव्या हाताचे. त्यांनी लगेच लेख लिहिला: ही पेटी बनवणाऱ्या, पुढे जळून गेलेल्या कारखान्यात एक डावखुरा कारागीर होता, आणि त्याने सूर लावलेल्या पेट्या बाकीच्यांहून कितीतरी सुरेल आहेत. मग तसली दुसरी सापडली, तिसरी सापडली. अकरा झाल्या. पहिल्या पाचांवर सुईसारखे बारीक ओरखडे, तो ‘पूर्वकाळ’. मग वर्षभर काहीच नाही. त्यावरून कारखान्यात मधे कधीतरी संप झाला असावा, असं त्यांनी अनुमान काढलं. नंतरच्या सहांवर रुंद, ठसठशीत ओरखडे, तो ‘उत्तरकाळ’. मंडळातल्या लोकांनी आपल्या बऱ्या बऱ्या पेट्या देऊन त्यांच्याकडून डावखुऱ्याच्या सहा नेल्या. अकराच्या अकरा आपल्याच घरात कशा सापडल्या, हा प्रश्न निरीक्षकांना पडला नाही. आपली नजरच तशी आहे, असं ते म्हणत.

सात महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली. त्यानंतर डावखुऱ्याची एकही पेटी सापडली नाही. निरीक्षकांनी वहीत लिहिलं, ‘साठा संपला असावा.’

मेहुणी आली ती बहिणीचे कपडे न्यायला. ती पोस्टात खिडकीवर बसायची आणि समोरच्याला एका वाक्यात वाटेला लावायची तिला सवय होती. तिने कपाट आवरलं, मग शिवणयंत्राचा खण ओढला. रिळांच्या मागून एक चपटा डबा निघाला. आत लाकडी मुठीत बसवलेली सुई, नखं घासायची कानस आणि दाढीच्या पात्याचा तुकडा.

“अरे वा,” मेहुणी म्हणाली, “ताईचा कारखाना.”

निरीक्षक टेबलापाशी पुस्तिकेची मुद्रितं तपासत होते. ‘डावखुरा कारागीर: एक शोध’. पहिल्या पानावर त्यांचा फोटो. येत्या रविवारी मंडळाची सभा पुस्तिकेला मंजुरी देणार होती.

“कसला कारखाना?”

“तुमच्या पेट्यांचा. तुम्हाला खरंच ठाऊक नाही, भाऊजी? मला वाटलं, शेवटी शेवटी तरी सांगितलं असेल तिनं.”

“काय सांगायचं?”

मेहुणी पलंगावर बसली. हसावं की रडावं ते तिला ठरवता येईना. “तुम्ही रविवारी नवं भंगार आणायला बाजारात जायचात. ताई इकडे जुनं भंगार उघडून बसायची. तिला बेसूर सोसायचं नाही. शेजाऱ्यांचं दार करकरलं तरी तेलाची बाटली घेऊन जाणारी बाई ती. आणि तुम्ही आठवडाभर फुगा दाबून पें पें करायचात.”

“शक्य नाही. ते ओरखडे डाव्या हाताचे आहेत.”

“मग?”

“मग काय? ती उजव्या हातानं लिहायची.”

“शाळेत छडी मारून मारून लिहायला लावलं होतं. बाकी सगळं डाव्या हातानं. भाऊजी, तेहतीस वर्षं तिनं तुम्हाला वाढलं. वाढणारा हात कुठला, ते दिसलं नाही?”

निरीक्षक आठवू लागले. ताट दिसलं, ताटातलं दिसलं, वाढपाचा चमचाही दिसला. चमच्याची दांडी पितळी होती आणि तिला दोन रिबिटं होती. त्यापुढे काही दिसेना.

“आणि ते मधलं वर्ष?” त्यांनी विचारलं. आवाज निरीक्षकाचा राहिला नव्हता. “त्या वर्षी एकही पेटी नाही.”

“हात प्लास्टरमध्ये होता. जिन्यावरून पडली होती, आठवतं का? तेव्हा तुम्ही संपाचा शोध लावत होतात. पुढे सुई धरायला त्रास व्हायला लागला, म्हणून कानस घेतली.”

असा उत्तरकाळ निकालात निघाला.

“मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर हात लावू दिला असतात? आणि नंतर कोण सांगणार! तुम्ही तिला तो पहिला लेख वाचून दाखवलात ना, तेव्हा ती उठून न्हाणीघरात गेली.”

“ठसका लागला होता तिला.”

“कसला ठसका? नळ सोडून तिथून मला फोन केला. म्हणते, ‘अगं, मी पुरुष झाले.’ आम्ही दोघी चार दिवस हसत होतो. पण मग म्हणाली, बिचारा फार खूश आहे गं. म्हणून दुसरी केली. मग तिसरी. तुमच्यासाठीच करायची. तुम्हाला सापडावी म्हणून वरच्या फळीवर पुढे आणून ठेवायची.”

मेहुणीने कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि डबा त्यांच्यासमोर मुद्रितांवर ठेवला. निघताना तिने विचारलं, “आता रविवारी काय करणार?”

“तिचं नाव लावणार,” निरीक्षक म्हणाले. “कामावर तिचं नाव लागलं पाहिजे.”

“मग मीही येते. एकट्यानं तुम्हाला जमायचं नाही.”

मंडळाची सभा अध्यक्षांच्या दवाखान्यात भरायची. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. रविवारी पेशंट नसत, आणि मेलोडिका तपासायला त्यांच्या खुर्चीसारखी जागा नव्हती. पेटी खुर्चीवर आडवी निजवायची, वरचा दिवा खाली ओढायचा आणि दातांमागे बघायच्या आरशाने पत्त्यांच्या मागे बघायचं. नऊ सभासद भोवती वाकून उभे राहत. चेहरे असे की पेशंट आता दगावणार.

निरीक्षक उभे राहिले आणि त्यांनी खात्यात अहवाल द्यावा तसं सगळं सांगितलं. डबा दाखवला. प्लास्टर सांगितलं. मेहुणीने सांगितलं तेवढं सगळं सांगितलं, फक्त बिचारा हा शब्द गाळला.

मग डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “साहेब, सात महिने म्हणजे काहीच नाही. माणूस एकटा पडला की असं होतं. सगळीकडे तीच दिसते.”

“सगळीकडे नाही,” निरीक्षक म्हणाले. “अकराच ठिकाणी.”

स्क्रूवाले पुढे सरकले. हे विमा कंपनीतले कारकून; स्क्रूचा आटा बघून पेटीची जात सांगायचे, आणि डावखुऱ्याच्या तीन पेट्या यांच्याकडे होत्या. “वहिनींविषयी आदर आहे,” ते म्हणाले. “पण हे काम बघा तरी! केसाइतका ओरखडा, जिथल्या तिथे. याला कारखान्यातली तालीम लागते. घरकाम करता करता होणारी गोष्ट आहे का ही?”

“तुमच्या शर्टाची बटणं कोण लावतं?” मेहुणीने दाराजवळच्या खुर्चीवरून विचारलं.

“त्याचा काय संबंध?”

“काही नाही. तालीम कुठे झाली ते विचारत होते.”

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, “पुरावा काय, साहेब? शोध तुमचाच. तुम्हीच आम्हाला शिकवलंत, पुराव्याशिवाय बोलायचं नाही.”

निरीक्षकांनी आपली वही काढली. आधीची पानं: कुठली पेटी कुठल्या रविवारी तपासली, कुठली पट्टी बेसूर होती. पुढची पानं: तीच पेटी, काही महिन्यांनी, तीच पट्टी सुरात. सगळं त्यांच्याच अक्षरात. पेटी घरात आली तेव्हा बेसूर होती आणि घरातच सुरात आली, हे त्यांनी नऊ वर्षं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं.

वही हातोहात फिरली. स्क्रूवाल्यांनी ती दोनदा वाचली. मग खुर्चीवर निजवलेल्या आपल्या पेटीकडे त्यांनी असं पाहिलं, जणू तिने घरातून काही उचललं होतं.

“म्हणजे ही कारखान्याची नाही?”

“पेटी कारखान्याची. सूर माझ्या बायकोचा.”

“म्हणजे बाटलेली!” स्क्रूवाले ओरडले. “आणि त्यापायी मी माझी हिरवी पेटी दिली तुम्हाला?”

मग एकदम सगळेच बोलू लागले. मघापर्यंत जे ओरखडे केसाइतके नाजूक होते ते आता खरवडणं झाले. एकाला तो सूर पहिल्यापासूनच जरा जास्त गोड वाटत होता. दुसऱ्याने आपल्या पेटीवर मखमलीचं फडकं टाकलं. डॉक्टरांनी सगळ्यांना शांत केलं आणि निरीक्षकांना आरशाच्या ट्रेजवळ बाजूला घेतलं.

“एक मार्ग आहे, साहेब. हे आजचं कुणी ऐकलं नाही. पुस्तिका जशीच्या तशी छापू. कारागीर राहील, तुमचं नाव राहील, पेट्यांची शान राहील. वहिनींचं कामही काचेच्या कपाटातच राहील की. फक्त नाव नसेल.”

“आणि नाव हवं असेल तर?”

“तर तुमचाच नियम. बाहेरचा हात, पेटी बाद. अकराही कार्डांवर तसं लिहावं लागेल. पुस्तिका रद्द. मला वाईट वाटतं.”

निरीक्षकांनी मेहुणीकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही. पोस्टाच्या खिडकीत माणसाने स्वतःचा फॉर्म स्वतःच भरावा असा तिचा नियम होता.

“कार्डं आणा,” निरीक्षक म्हणाले.

प्रत्येक पेटीचं मंडळात एक कार्ड असे. कारखाना, साल, स्क्रू, डबा, स्थिती. निरीक्षकांनी पहिलं कार्ड पुढ्यात ओढलं आणि ‘स्थिती’समोर स्वच्छ अक्षरात लिहिलं: बाद. मग पेन तसंच धरून ते खालपर्यंत वाचत गेले. सुरेल केल्याचं श्रेय कुठे लिहावं, असा रकाना नव्हता. तो करावा असं त्यांना कधी सुचलं नव्हतं. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, त्यांनीच छापून घेतलेला एक रकाना होता, जो आजवर एकाही कार्डावर भरला गेला नव्हता: ‘बिघडवणाऱ्याचे नाव, ठाऊक असल्यास’.

त्यांनी तिथे बायकोचं नाव लिहिलं. आधी माहेरचं, मग सासरचं, पूर्ण.

स्क्रूवाले म्हणाले, “माझ्या तिन्ही तुम्ही आजच घेऊन जा. माझी हिरवी मला परत द्या.”

“देतो,” निरीक्षक म्हणाले आणि दुसरं कार्ड घेतलं.

चौथ्या कार्डाला डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. सहाव्याला ते म्हणाले, “साहेब, प्रत्येक वेळी सगळं नाव कशाला? नुसतं ‘वरीलप्रमाणे’ लिहा. चालेल आम्हाला.”

“मला नाही चालणार,” निरीक्षक म्हणाले. त्यांनी सहाव्या कार्डावरची शाई फुंकून वाळवली, ते बाजूला ठेवलं आणि सातवं पुढे ओढलं.