ताईआजी उचलून घेत नाही

बटण त्या दिवशी सकाळपासूनच किरकिर करत होती. दीड वर्षाची पोर, चेहरा गोल, पोट गोल, म्हणून पाळणाघरात तिचं नाव बटण पडलं होतं. साडेअकराच्या सुमाराला खेळण्यांच्या पसाऱ्यातून वर बघत तिनं दोन्ही हात पसरले आणि ताईआजीनं नेहमीसारखं कमरेत वाकून तिला उचललं. पंचवीस वर्षांत असं किती मुलांना किती वेळा उचललं असेल, देव जाणे. या वेळी मात्र पाठीच्या मध्यावर काहीतरी आतल्या आत दबल्यासारखं झालं आणि तिचा श्वास अर्ध्यावरच अडकला.

तिनं मुलीला हातातून सोडलं नाही. ओठ घट्ट मिटून तिला सोफ्यावर ठेवलं, स्वतः शेजारी टेकली आणि स्वयंपाकघरात बाटल्या उकळत असलेल्या धाकट्या जावेला हाक मारली. आवाज इतका बारीक निघाला, की एखादं मूलच हाक मारतंय असं जावेला वाटलं.

मुलांच्या आया तिला ताई म्हणायच्या, मुलांना ती आजी वाटायची, आणि दोन्हींची सरमिसळ होऊन ती ताईआजी झाली होती. पाळणाघर घराच्या तळमजल्यावर होतं, दोघी जावांनी मिळून चालवलेलं. मोठी मुलांचं बघायची, धाकटी दूध, खाणं आणि स्वच्छता सांभाळायची. दोघींची रोज एका तरी गोष्टीवरून वादावादी व्हायची, आणि संध्याकाळी शेवटचं मूल घरी गेलं की दोघी एकाच सोफ्यावर पाय पसरून चहा प्यायच्या.

दवाखान्यात एक्स-रे काढला तेव्हा कळलं की पाठीचा एक मणका पुढच्या बाजूनं चेपला गेलाय. त्याच्या खालचाही एक चेपलेला होता, पण तो जुना. दोन वर्षांपूर्वी पाठ धरली होती तेव्हा ताईआजीनं गार वाऱ्यावर खापर फोडलं होतं, तेच ते दुखणं. मग हाडांची घनता मोजली. हाडं ठिसूळ झाली होती, आतून जाळीसारखी विरळ. अडतिसाव्या वर्षी गर्भपिशवीबरोबर बीजकोशही काढले होते, तेव्हापासूनच ही झीज सुरू झाली असणार असं डॉक्टर म्हणाले. उंची मोजली तर ती दोन इंचांनी कमी झालेली. ताईआजी जावेकडे बघत राहिली. गेलं वर्षभर ती जावेवर आरोप करत होती, की तू डबे मुद्दाम वरच्या फळीवर ठेवतेस.

तीन आठवडे विश्रांती झाली. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास ताठ बसायचं. पाळणाघर जावेनं एका ओळखीच्या बाईला मदतीला घेऊन कसंबसं रेटलं. ताईआजी वरच्या मजल्यावर पडून खालचं रडणं ऐकायची आणि कोण रडतंय ते आवाजावरून ओळखायची.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मुलगा तिच्या खाटेशी येऊन बसला. तो वाईट नव्हता, घाबरला होता. त्यानं पालकांना पाठवायचा निरोप लिहूनच आणला होता: महिनाअखेर पाळणाघर बंद होत आहे, कृपया दुसरी सोय बघावी. "आई, पुरे आता," तो म्हणाला. "जन्मभर लोकांची मुलं उचललीस. आता जरा स्वतःला सांभाळ."

ताईआजीनं निरोप वाचला, घडी घातली आणि उशीखाली ठेवला. सोमवारी सांगते, म्हणाली.

सोमवारी फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. वयानं मुलाएवढ्याच, पण बोलणं एखाद्या मुख्याध्यापिकेसारखं. त्यांनी काय काय टाळायचं ते एका कागदावर लिहून आणलं होतं आणि एकेक ओळ वाचून दाखवली. कमरेत वाकून जमिनीवरची वस्तू उचलायची नाही. हातात काही असताना कमरेतून वळायचं नाही, वळायचं तर पावलं वळवायची. सध्या दुधाच्या दोन पिशव्यांपेक्षा जड काही उचलायचं नाही. स्टुलावर चढायचं नाही. अडकलेली खिडकी हिसका देऊन उघडायची नाही. ओल्या फरशीवर जायचं नाही, सुटी सतरंजी पायाखाली ठेवायची नाही. पाठीवर झोपून धड उचलायचे किंवा पायाचे अंगठे धरायचे व्यायाम तर नाहीच नाही. शिंक आली तरी आधी एक हात टेबलावर टेकवायचा.

"तुम्ही माझा दिवसच लिहून काढलाय," ताईआजी म्हणाली.

फिजिओबाई हसल्या नाहीत. "म्हणजे दिवस बदलायला लागेल," त्या म्हणाल्या.

"बंद करायला सांगाल असं वाटलं होतं."

"बंद करून काय कराल? खाटेवर बसून राहाल. न वापरलेली हाडं आणखी लवकर झिजतात, ताई. मला तुम्ही चालताना, उभ्या राहताना, कामात हव्या आहात. फक्त वाकताना नको."

ताईआजीनं उशीखालचा कागद काढला, त्याच्या कोऱ्या बाजूवर ती यादी पुन्हा स्वतःच्या अक्षरात उतरवली आणि मुलाला बोलावून घेतलं. पाळणाघर चालू राहील, एवढंच सांगितलं. मुलगा बराच वेळ बोलत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मत बदललं नाही.

तिनं फिजिओबाईंना एक सकाळ पाळणाघरात येऊन बसायला लावलं. ताईआजीनं हात लावायचा नव्हता. जाऊ नेहमीसारखी कामं करणार, आणि फिजिओबाई प्रत्येक वाकण्याला वहीत रेघ ओढणार. जेवणाच्या वेळेपर्यंत अठ्ठ्याण्णव रेघा झाल्या. जावेनं वही हातात घेऊन दोनदा बघितली आणि आपल्याच कमरेवर हात ठेवला. मग पुढचा महिनाभर या दोघींचं कशावरूनही भांडण झालं नाही, हे शेजाऱ्यांच्याही लक्षात आलं.

सुतार आला. लंगोट बदलायचं टेबल त्यानं कमरेच्या उंचीचं केलं आणि त्याला कठडा लावलेल्या तीन रुंद पायऱ्या जोडल्या, म्हणजे मूल आपलं आपण चढून वर येईल. खेळण्यांच्या पेट्या पायांवर उभ्या झाल्या. सतरंज्या गेल्या आणि त्यांच्या जागी फरशीला घट्ट चिकटणारी रबरी चटई आली. खोलीच्या चारही भिंतींना हाताच्या उंचीवर लाकडी दांडी लागली, म्हणजे ताईआजीला कुठंही एका गुडघ्यावर बसता येईल आणि दांडीला धरून उठता येईल, पाठ ताठ ठेवून. हे बसणं-उठणं तिनं आधी खुर्ची धरून रोज दहा वेळा घोटवलं. पहिल्या दिवशी तिसऱ्यांदा उठताना डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं पुसलं आणि चौथ्यांदा बसली. वर्षाखालची मुलं यापुढे घ्यायची नाहीत, हेही दोघींनी ठरवलं. होती त्या दोघांच्या आयांना तिनं स्वतः फोन करून सांगितलं.

सगळ्यात अवघड होतं ते मुलांना समजावणं. पाचव्या दिवसापर्यंत मोठी मुलं एकमेकांना नियम सांगायला लागली होती: ताईआजी उचलून घेत नाही, ताईआजी खाली बसते. पायऱ्या चढणं तर त्यांना इतकं आवडलं, की लंगोट कोरडा असलेलीही रांगेत उभी राहायची. बटण मात्र काही केल्या ऐकेना. ती हात वर करून समोर उभी राहायची, आणि ताईआजी खाली बसली की पाठ फिरवून रडायची. जावेचा जीव तुटायचा. एकदाच घ्या हो, एकदानं काय होतंय, असं ती एकदा बोलून गेली. ताईआजी तिला एवढंच म्हणाली, "एकदानंच झालं होतं."

मग बटणचे वडील आले. ते एका कारखान्यात कामगारांच्या सुरक्षेचं काम बघायचे. बटणच्या आईला त्या दिवसापासून अपराधी वाटत होतं, त्यामुळे ती दारातच उभी राहिली. वडील मात्र आत आले, टेबल बघितलं, पायऱ्या हलवून बघितल्या, सुताराचं कौतुक केलं आणि मग शांतपणे विचारलं, की उद्या इथं आग लागली, तुमच्या जाऊबाई बाजारात गेलेल्या असल्या, तर तुम्ही अकरा मुलं बाहेर कशी काढणार?

ताईआजीला राग आला नाही. या प्रश्नावर ती स्वतः चार रात्री जागी राहिली होती. शनिवारी सकाळी सगळ्या पालकांना घेऊन या, ती म्हणाली. करून दाखवते.

तिची तयारी आधीच सुरू होती. मोठ्या सात मुलांसाठी गाठी मारलेली जाड दोरी होती, प्रत्येकानं आपली गाठ धरायची आणि ओळीनं फाटकाजवळच्या झाडापर्यंत जायचं. लहान चौघांसाठी सुतारानं चाकांची एक बुटकी गाडी केली होती. तिची पुढची फळी खाली पडायची आणि मुलं तिच्यावरून चालत आत जायची. गाडीचा दांडा उंच होता, ताईआजीनं ताठ उभं राहून ढकलायचा. दाराच्या उंबऱ्यावर उतरती फळी बसवली होती.

शनिवारी अंगणात पालक उभे राहिले. जाऊ त्यांच्यातच उभी होती, हात मागं बांधून. मुलगाही आला होता. बटणच्या वडिलांनी घड्याळ काढलं आणि ताईआजीनं शिट्टी वाजवली.

सात जण दोरी धरून बाहेर पडले, अर्ध्या मिनिटात झाडापाशी पोहोचले. तिघं दाराच्या आत उभ्या गाडीत चढले. बटण गाडीपर्यंत आली, दाराबाहेर एवढी माणसं बघून बिथरली, मटकन खाली बसली आणि तिनं दोन्ही हात वर केले.

मुलगा पुढे सरसावला. ताईआजीनं त्याच्याकडे न बघता तळहात दाखवून त्याला थांबवलं. भिंतीच्या दांडीला धरून ती एका गुडघ्यावर बसली, पाठ सरळ. "मी इथंच आहे," ती बटणला म्हणाली. "तू ऊठ, मग मी उठते." बटणनं भोकाड पसरलं. ती आडवी झाली, पाय आपटले, टाचा घासल्या, मध्येच थांबून कोणी येतंय का ते बघितलं. बाहेर तिची आई तोंडावर हात धरून उभी होती. गाडीतल्या एकानं रडायला सुरुवात केली. ताईआजी जागची हलली नाही, आवाजही चढवला नाही. तेच वाक्य तिनं पाच-सहा वेळा म्हटलं. शेवटी बटण उठली, हुंदके देत आली आणि ताईआजीच्या गळ्यात पडली. तिचं डोकं खांद्यावर घेऊन ताईआजी तशीच बसून राहिली. मग तिचे हात सोडवून एक बोट तिच्या मुठीत दिलं, दांडीला धरून उभी राहिली, आणि बटण त्या बोटाला लोंबकळत फळीवरून गाडीत गेली.

गाडी झाडापाशी पोहोचली तेव्हा वडिलांनी घड्याळ बंद केलं. चार मिनिटं दहा सेकंद, ते म्हणाले.

"फार झाली," ताईआजी म्हणाली.

"फारच. खरी आग असती तरी तुम्ही तिला उचललं नसतं?"

ताईआजीला धाप लागली होती, ती झाडाला हात टेकून उभी होती. "उचललं असतं," ती म्हणाली. "माझं काय व्हायचं ते होवो. पण रोज पन्नास वेळा उचलत राहिले, तर त्या दिवशी उचलायला माझ्याकडे पाठच शिल्लक राहायची नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा करू. घड्याळ घेऊन या."

दोन घरांनी मुलं काढून घेतली. त्यांचं चुकलं असं ती कधी म्हणाली नाही. बटणचे वडील पुढच्या शनिवारी आले, त्याच्या पुढच्याही. त्यांच्या सांगण्यावरून गाडी दाराच्या डाव्या बाजूला सरकवली आणि दोरीच्या गाठींमधलं अंतर कमी केलं. पाचव्या शनिवारी दोन मिनिटं पाच सेकंद लागले. बटण त्या दिवशी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली होती आणि मागून येणाऱ्यांवर ओरडत होती. मुलानं त्याच दिवशी, कोणी न सांगता, आईच्या न्हाणीघरात भिंतीला दांडी ठोकून घेतली.

वर्षानं पुन्हा तपासणी झाली. घनता घटली नव्हती, जराशी वाढली होती, आणि नवा मणका चेपला नव्हता. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला तेव्हा ताईआजीनं पहिला प्रश्न विचारला, की आता किती वजन उचलू? डॉक्टर म्हणाले, मूल नाही. ते नाहीच. तिनं मान हलवली. दुसरं काही विचारायचं नव्हतं.

घरी आली तेव्हा फाटकात एक तरुण आई कडेवर मुलगा घेऊन उभी होती, जागा आहे का विचारायला. मुलगा सव्वा वर्षाचा, अनोळखी बाई बघून आईच्या मानेत तोंड लपवणारा.

"चालतो का?" ताईआजीनं विचारलं.

"चालतो, पण कडेवरच राहायला आवडतं त्याला."

"सगळ्यांनाच आवडतं," ताईआजी म्हणाली. "त्याला खाली ठेवा. आमच्या पायऱ्या दाखवते."